शार्ल शांबरलाँ

शार्ल एद्वार शांबरलाँ (१२ मार्च १८५१ – २ मे १९०८) हे फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि लुई पाश्चर यांचे सहकारी होते. दाबाखालील वाफेने निर्जंतुकीकरण करणारे ऑटोक्लेव्ह हे उपकरण त्यांनी १८७९ मध्ये विकसित केले.

जीवन

शांबरलाँ यांचा जन्म पूर्व फ्रान्समधील झुरा विभागात झाला. पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरियर या संस्थेत शिक्षण घेऊन ते पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. १८८५ ते १८८९ या काळात ते संसद सदस्य होते. १९०४ मध्ये ते पाश्चर इन्स्टिट्यूटचे उपसंचालक झाले. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

वाफेने निर्जंतुकीकरण

उकळलेल्या द्रवातही जीवाणू वाढतात, म्हणून ते आपोआप उत्पन्न होतात, असा दावा ब्रिटिश वैद्य हेन्री चार्लटन बास्टियन यांनी १८७६ च्या सुमारास केला. तो तपासताना पाश्चर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, जंतू वापरलेल्या पाण्यातून आणि काचेच्या भांड्यांवरूनही येतात. शिवाय काही जीवाणूंचे बीजाणू १००° से. तापमानातही जिवंत राहतात. म्हणजे द्रवाइतकेच त्याचे पात्रही निर्जंतुक असणे आवश्यक होते, आणि त्यासाठी केवळ उकळणे पुरेसे नव्हते.

उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. शांबरलाँ यांच्या उपकरणात झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली जाते. आतील दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट झाला की तापमान १२०° से.पर्यंत पोहोचते. वस्तूवर वाफेचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते व बीजाणूही नष्ट होतात. हवा अडकून राहिलेल्या जागी तापमान कमी राहते, म्हणून ती आधी बाहेर काढावी लागते.

अन्नपदार्थांच्या अ‍ॅसेप्टिक पॅकिंगमध्ये हेच तत्त्व उपयोगी पडते. यात पदार्थ व वेष्टन स्वतंत्रपणे निर्जंतुक करून निर्जंतुक जागेत भरतात आणि सीलबंद करतात. उष्णता सहन करणाऱ्या वेष्टनांसाठी वाफ, तर कागदी थर असलेल्या खोक्यांसाठी सहसा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात.

इतर कार्य

१८८१ मध्ये पुयी-ल-फोर येथे पाश्चर यांनी मेंढ्यांवर काळपुळीच्या लसीचा जाहीर प्रयोग यशस्वी केला. ती लस शांबरलाँ यांच्या पोटॅशियम डायक्रोमेट पद्धतीने तयार केलेली होती, मात्र त्या वेळी हे जाहीर झाले नाही. पाश्चर यांच्या प्रयोगवह्यांच्या अभ्यासातून विसाव्या शतकात ही बाब उजेडात आली. शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये चिनी मातीची गाळणी तयार केली. तिच्यातून जीवाणू पार होत नसत. तंबाखूच्या रोगाचा कारक मात्र तिच्यातून पार होतो, असे दिमित्री इव्हानोव्हस्की यांना १८९२ मध्ये आढळले आणि विषाणूंच्या अभ्यासाला सुरुवात झाली.