शीळ ऐकून येणारा मासा

युरोपातल्या थंड नद्यांमध्ये ट्राउट मासा पकडण्याचा एक जुना शौक आहे. गळाला गांडूळ लावायचे नाही. पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून माशीसारखे दिसणारे आमिष तयार करायचे आणि ते पाण्यावर अलगद टेकवायचे. एकदा गळाला लागून निसटलेला मासा ती खोटी माशी पुढे ओळखतो, असे हे शौकीन छातीठोकपणे सांगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही बड्या शास्त्रज्ञांचे मत मात्र वेगळे होते. माशाला रंग दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाही, असे ते म्हणत. मग तो ओळखणार तरी काय?

हे मत खोडून काढणारे कार्ल फॉन फ्रिश आज मधमाश्यांच्या नृत्यभाषेसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांची सुरुवात मात्र माशांपासून झाली. २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्नात त्यांचा जन्म झाला. वडील शल्यविशारद, मामा नावाजलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. लहानपणी त्यांनी घरात इतके प्राणी पाळले, की त्या घरातल्या माणसांच्या सोशिकतेचे कौतुक वाटावे. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते प्राणिशास्त्राकडे वळले.

म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी मासे पूर्णपणे रंगांध असतात असे जाहीर केले होते. अंधाऱ्या टाकीत इंद्रधनुष्याचे रंग पाडले, की मासे रंगाकडे न जाता सर्वांत उजळ भागात गोळा होतात, हा त्यांचा पुरावा. फ्रिश तेव्हा पंचविशीतले. त्यांनी मिनो नावाच्या बोटाएवढ्या माशांना ठरावीक रंगाच्या जागी खाऊ द्यायला सुरुवात केली. मग खाऊ काढून घेतला आणि त्या रंगाशेजारी करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटा ठेवल्या. रंगांध प्राण्याची येथे फसगत व्हायला हवी. मासे नेमके शिकवलेल्या रंगाकडे गेले. हेस यांना हे मुळीच रुचले नाही आणि वाद बराच कडवट झाला. पण हेस यांनी घाबरलेला मासा उजेडाकडे पळताना पाहिला होता, तर फ्रिश यांनी भुकेल्या माशाला विचारले होते. फरक तेथेच होता.

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे ते आघाडीवर गेले नाहीत. भावाच्या रुग्णालयात जंतुतपासणीची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. तेथल्याच एका परिचारिकेशी, मार्गारेट यांच्याशी, १९१७मध्ये त्यांचे लग्न झाले.

१९२१मध्ये ते रोस्टॉकला प्राध्यापक झाले. त्याच गावातले कानाचे डॉक्टर ऑटो कॉर्नर यांनी माशांना बहिरे ठरवले होते, कारण टाकीजवळ आवाज केले तरी मासे ढिम्म हलत नसत. फ्रिश यांचा मुद्दा साधा होता. ज्या आवाजातून माशाला काही मिळत नाही, त्यासाठी त्याने का हलावे? त्यांनी एक छोटा कॅटफिश पाळला आणि लाडाने त्याचे नाव ठेवले झावेर्ल. खाऊ आणणारा माणूस त्याला दिसू नये म्हणून त्याचे डोळे काढून टाकलेले होते. आज वाचताना हे अंगावर येते. हा मासा टाकीतल्या मातीच्या नळीत पडून राही. फ्रिश आधी शीळ घालत, मग काडीच्या टोकावर मांसाचा तुकडा देत. काही दिवसांतच नुसत्या शिळेवर मासा नळीतून बाहेर येऊन खाऊ शोधू लागला. कॉर्नर स्वतः पाहायला आले आणि त्यांनी मोकळेपणाने आपली चूक मान्य केली. १९२३मध्ये फ्रिश यांनी यावर लेख लिहिला. कॅटफिश, मिनो आणि आपल्या बाजारातले रोहू-कटला यांच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. म्हणून या माशांचे कान विशेष तिखट असतात.

पुढचा शोध योगायोगाने लागला. वोल्फगांग सरोवराकाठच्या ब्रुनविंकल या कौटुंबिक घराजवळ त्यांनी मिनोंच्या थव्याला खाऊची सवय लावली होती. ओळखता यावा म्हणून एका माशाच्या शेपटीजवळ छोटीशी चीर देऊन त्याला पाण्यात सोडले, तर सारा थवा पसार झाला. जखमी कातडीतून पाण्यात उतरणारा एक पदार्थ इतरांना धोक्याची सूचना देतो, हे त्यांनी १९३८मध्ये मांडले.

नाझी राजवटीत त्यांच्या आजीचे ज्यू मूळ शोधून काढण्यात आले आणि १९४१मध्ये त्यांना पदावरून हटवायचे ठरले. त्याच सुमारास नोसेमा रोगाने जर्मनीतल्या मधमाश्यांच्या वसाहती मोठ्या संख्येने मरत होत्या. मधमाश्या नसतील तर फळबागांचे परागण कोण करणार? त्या रोगाचे काम फ्रिश यांच्यावर सोपवले गेले आणि बडतर्फी युद्ध संपेपर्यंत लांबली. १९७३मध्ये लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १२ जून १९८२ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

गळ टाकणाऱ्यांच्या दाव्याची कसोटी त्यांच्या हयातीतच लागली होती. १९७०मध्ये बॉइकेमा या डच शास्त्रज्ञाने पाइक माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खोट्या, चकाकत्या आमिषाने एकदा पकडून सोडलेले पाइक पुन्हा त्याला सहजासहजी भुलत नव्हते. गळाला जिवंत मासा लावला, की मात्र ते पूर्वीसारखेच अडकत.