गुनपेई योकोई

गुनपेई योकोई (१० सप्टेंबर, इ.स. १९४१, क्योतो, जपान - ४ ऑक्टोबर, इ.स. १९९७, इशिकावा प्रांत, जपान) हे जपानी अभियंते, खेळण्यांचे संशोधक आणि व्हिडिओ गेमचे निर्माते होते. निन्टेन्डो या कंपनीत त्यांनी ३१ वर्षे काम केले. गेम अँड वॉच आणि गेम बॉय ही हातात धरून खेळण्याची यंत्रे, तसेच आज जवळजवळ प्रत्येक गेमच्या नियंत्रकावर दिसणारी अधिक चिन्हाच्या आकाराची दिशादर्शक कळ ही त्यांची प्रमुख निर्मिती होय. सुपर मारिओ लँड (१९८९) या गेम बॉयवरील प्लॅटफॉर्म गेमचे ते निर्माते होते. मारिओ हे नाव जगभर पोहोचले, तरी योकोई यांचे नाव त्यांच्या हयातीत जपानबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

शिक्षण आणि निन्टेन्डोत प्रवेश

योकोई यांचा जन्म क्योतो शहरात झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स विषयाची पदवी घेतली आणि १९६५ साली ते निन्टेन्डोत रुजू झाले. निन्टेन्डो ही त्या वेळी गेमची कंपनी नव्हती. १८८९ साली क्योतोत स्थापन झालेला हा कारखाना हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवीत असे. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती हे योकोई यांचे काम होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला त्यात करण्यासारखे फारसे काही नव्हते आणि रिकामा वेळ भरपूर मिळे.

या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांबणारा हात तयार केला. एकमेकांवर तिरप्या जोडलेल्या पट्ट्यांची ती जाळी होती. मुठी जवळ आणल्या की ती पुढे झेपावे आणि टोकाच्या पंज्यात वस्तू पकडता येई. १९६६ साली कारखान्याच्या पाहणीस आलेले कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस हा हात पडला. कामाच्या वेळात खेळणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला खडसावण्याऐवजी यामाउची यांनी त्याच वस्तूचे विक्रीयोग्य खेळणे बनविण्यास सांगितले. अल्ट्रा हँड या नावाने ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. पत्त्यांची मागणी ओसरत असताना मिळालेल्या या यशामुळे कंपनीचा मोहरा खेळण्यांकडे वळला आणि योकोई देखभाल विभागातून संशोधनाकडे आले.

खेळण्यांची वर्षे

पुढील दशकभरात योकोई यांनी घरात चेंडू फेकणारे अल्ट्रा मशीन, भिंतीआडून पाहण्याचे अल्ट्रा स्कोप आणि लव्ह टेस्टर (१९६९) अशी अनेक खेळणी तयार केली. लव्ह टेस्टरमध्ये एक तरुण आणि एक तरुणी यंत्राची एकेक मूठ धरीत आणि दुसऱ्या हाताने एकमेकांचा हात धरीत. त्यांच्या शरीरातून वाहणाऱ्या अतिक्षीण विद्युतप्रवाहावर तबकडीचा काटा हले आणि त्यावरून प्रेमाची पातळी ठरे. शास्त्रीयदृष्ट्या त्यात मोजमाप होते ते केवळ त्वचेच्या विद्युतवाहकतेचे. मात्र खेळण्याचा खरा हेतू अनोळखी हात हातात घेण्यास निमित्त देणे हा होता आणि तो सफल झाला.

दूरनियंत्रित मोटारी महाग असण्याच्या काळात त्यांनी केवळ डावीकडे वळणारी मोटार बनविली. एकाच संदेशावर चालणारे यंत्र स्वस्त पडते आणि गोल मार्गावरील शर्यतीला डावे वळण पुरते, हा त्यामागील हिशेब होता. सूर्यप्रकाशापासून वीज करणारे घट त्यांनी बंदुकीच्या नेमबाजीत प्रकाश टिपण्यासाठी वापरले. त्याच तत्त्वावर ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत प्रकाशाच्या बंदुकांची मोठी नेमबाजी केंद्रे १९७३ साली सुरू झाली. परंतु त्याच वर्षीच्या तेलसंकटाने हा व्यवसाय बुडाला आणि कंपनी कर्जात सापडली.

या साऱ्या कामातून त्यांची एक पद्धत घडत गेली. तिला पुढे जपानी भाषेत कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको असे नाव मिळाले. शब्दशः अर्थ घेतल्यास, सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. सुकलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. वापरून वापरून ज्याचे गुणदोष पूर्ण कळले आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, असे. अशा तंत्राला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून अनपेक्षित ठिकाणी वापरणे म्हणजे आडवा विचार.

गेम अँड वॉच आणि अधिक चिन्हाची कळ

वेगवान रेल्वेतून प्रवास करताना एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राच्या कळा उगाच दाबत बसलेला योकोई यांना दिसला. त्यावरून वेळ घालविण्यासाठी खिशात मावणारे यंत्र करण्याची कल्पना त्यांना सुचली. त्या सुमारास गणकयंत्रांच्या उत्पादकांमधील चढाओढीमुळे द्रवस्फटिक पडदे आणि सूक्ष्म संगणक चकत्या अतिशय स्वस्त झाल्या होत्या. शार्प कंपनीच्या सहकार्याने गेम अँड वॉच मालिकेतील बॉल हे पहिले यंत्र एप्रिल १९८० मध्ये विक्रीस आले. एका यंत्रात एक खेळ आणि खेळून झाल्यावर घड्याळ, अशी ही रचना होती. १९९१ पर्यंत चाललेल्या या मालिकेची एकूण विक्री ४ कोटी ३० लाखांहून अधिक झाली.

मालिकेतील डाँकी काँग (१९८२) या घडीच्या यंत्रात पात्राला चारही दिशांना हलविणे आवश्यक होते. उभा दांडा बसविला तर घडी मिटणार नाही आणि चार वेगळ्या कळा दिल्या तर बोट चुकणार. योकोई यांनी चारही दिशा एका चपट्या, अधिक चिन्हाच्या आकाराच्या कळेत सामावल्या. अंगठा न उचलता आणि नजर पडद्यावरून न हलविता दिशा बदलता येऊ लागली. हीच कळ पुढे निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलवर आली आणि इतर उत्पादकांनीही आपापल्या परीने ती स्वीकारली.

दरम्यान ते कंपनीच्या पहिल्या संशोधन आणि विकास विभागाचे प्रमुख झाले होते. तरुण चित्रकार शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या मूळ डाँकी काँग (१९८१) या गेमवर त्यांची देखरेख होती. मारिओ ब्रदर्स (१९८३) मध्ये मारिओने कितीही उंचावरून पडले तरी त्याला इजा होऊ नये, हा आग्रह योकोई यांचा होता. मियामोतो यांना तो प्रथम पटला नव्हता. पुढील अनेक मारिओ गेममधील बिनधास्त उड्यांचे मूळ या आग्रहात आहे. मेट्रॉइड आणि किड इकारस (दोन्ही १९८६) हे गेमही त्यांच्याच विभागाचे होत.

गेम बॉय

२१ एप्रिल १९८९ रोजी गेम बॉय जपानमध्ये विक्रीस आला. त्याची किंमत १२,५०० येन होती. एकाच यंत्रात निरनिराळ्या कॅसेट घालून निरनिराळे गेम खेळता येणे, हा गेम अँड वॉचपेक्षा त्याचा मोठा फरक. या यंत्राचे सगळे श्रेय योकोई यांना देण्याची प्रथा आहे. परंतु त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांचा वाटाही तितकाच मोलाचा होता. कॅसेट बदलता येणारे, दीर्घकाळ टिकणारे दणकट यंत्र असावे, यासाठी ओकादा यांनी आग्रह धरला होता.

योकोई यांचा निर्णय दिसतो तो पडद्यात. रंगीत पडदे उपलब्ध असूनही त्यांनी हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा दाखविणारा, मागून उजेड नसलेला पडदा निवडला. या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते. सुरुवातीच्या नमुन्यातील चित्र अगदी समोरून पाहिले तरच दिसे, म्हणून पडद्याचा प्रकार ऐनवेळी बदलावा लागला. अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर हे प्रतिस्पर्धी रंगीत होते. मात्र त्यांचे सहा सेल काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून सहज अधिक चाले. ज्या मुलांना सेलचे पैसे घरून मागावे लागत, त्यांना हा फरक रंगांपेक्षा मोठा वाटला असल्यास नवल नाही. नंतरच्या गेम बॉय कलरसह या यंत्राची जगभरातील विक्री ११ कोटी ८० लाखांवर गेली.

सुपर मारिओ लँड

गेम बॉयबरोबर त्याच दिवशी सुपर मारिओ लँड प्रकाशित झाला. मियामोतो यांच्या सहभागाशिवाय तयार झालेला हा पहिला मोठा मारिओ गेम. निर्माते योकोई, दिग्दर्शक ओकादा आणि संगीतकार हिरोकाझू तानाका होते. कथा मारिओच्या नेहमीच्या मश्रूम राज्यात घडत नाही. सारासालँड या प्रदेशातील राजकन्या डेझी हिला तातांगा नावाचा परग्रहवासी पळवितो आणि मारिओ तिच्या शोधात चार राज्ये ओलांडतो. बिराबुतो हे राज्य इजिप्तच्या, मुडा बर्म्युडाच्या, ईस्टन हे ईस्टर बेटाच्या, तर चाय हे चीनच्या धर्तीवर आहे. मराठी वाचकाला चौथ्या नावाने चहा आठवणे साहजिक आहे.

परिचित मारिओ खेळून आलेल्याला येथे प्रत्येक गोष्ट किंचित वेगळी लागते. कासवावर उडी मारली की त्याचे कवच घरंगळत न जाता काही क्षणांत फुटते. फुलामुळे मिळणारा चेंडू आगीचा नसून भिंतींवर आपटत फिरतो आणि नाणीही गोळा करतो. जादा जीव हिरव्या अळिंब्यातून नव्हे तर हृदयाच्या आकृतीतून मिळतो. अजिंक्य झालेल्या मारिओच्या मागे ओफेनबाखची कॅन-कॅन नृत्याची धून वाजते. दोन टप्प्यांत मारिओ धावतच नाही. एकात पाणबुडी आणि दुसऱ्यात विमान चालवीत तो गोळ्या झाडतो. एकूण टप्पे केवळ १२ आहेत आणि सराईत खेळाडू तासाभराच्या आत गेम संपवितो. खेळ मध्येच जतन करून ठेवण्याची सोय नाही.

छोट्या पडद्यामुळे मारिओ फारच लहान दिसतो आणि उड्यांचा अंदाज मूळ मालिकेइतका नेमका येत नाही, ही टीका योग्यच आहे. तरीही पुढे खेळल्या गेलेल्या अनेक सफाईदार गेमपेक्षा यातील विचित्रपणा अधिक लक्षात राहतो. त्याच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. सुपर मारिओ लँड २ (१९९२) या पुढील भागात वारिओ हे पात्र प्रथम अवतरले.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतात, गेम बॉय मर्यादित घरांतच पोहोचला. १९९० च्या दशकातील मुलांना मारिओ भेटला तो मुख्यतः दूरचित्रवाणीला जोडायच्या स्वस्त नकली कन्सोलवर. हातातले यंत्र म्हणजे विटा रचण्याचा ब्रिक गेम, जो जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळे. त्यामुळे सारासालँडची ओळख अनेकांना पुष्कळ वर्षांनी, संगणकावर किंवा पुनःप्रकाशित आवृत्तीतून झाली.

व्हर्च्युअल बॉय आणि राजीनामा

डोळ्यांना लावून त्रिमितीय चित्र पाहण्याचे व्हर्च्युअल बॉय हे यंत्र जुलै १९९५ मध्ये विक्रीस आले. स्वस्त आणि कमी वीज खाणारे म्हणून त्यात लाल प्रकाशाचे दिवे निवडले होते. त्यामुळे सगळे चित्र काळ्यावर लाल दिसे. यंत्र डोक्यावर बांधता येत नसे, टेबलावर ठेवून वाकून पाहावे लागे. अनेकांना डोकेदुखीचा त्रास झाला. सुमारे ७ लाख ७० हजार नग विकले गेल्यावर वर्षभराच्या आत ते मागे घेण्यात आले. योकोई यांची पद्धत येथे त्यांच्यावरच उलटली. स्वस्त दिव्याचा गेम बॉयमध्ये फायदा झाला असता; पण जे यंत्र नवे जग दाखविण्याचे आश्वासन देते, त्यात एकच रंग ही उणीव लपत नाही.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी निन्टेन्डो सोडली. अपयशामुळे त्यांना जावे लागले, असे वृत्तपत्रांनी तेव्हा सुचविले आणि आजही तसे सर्रास लिहिले जाते. योकोई यांनी मात्र हे नाकारले होते. स्वतंत्र व्यवसायाचा त्यांचा विचार त्याआधीपासूनचा होता. निघण्यापूर्वी त्यांनी गेम बॉय पॉकेट ही लहान आणि अधिक स्पष्ट पडद्याची आवृत्ती पूर्ण केली.

मृत्यू

क्योतोत त्यांनी कोतो ही स्वतःची कंपनी स्थापन केली आणि बांदाई कंपनीसाठी वंडरस्वान या नव्या यंत्राच्या आखणीत भाग घेतला. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर ते प्रवास करीत असलेल्या मोटारीची एका ट्रकशी टक्कर झाली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता मागून आलेल्या दुसऱ्या वाहनाने त्यांना धडक दिली. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ५६ वर्षे होते.

मृत्यूनंतर

वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दीड वर्षाने विक्रीस आला. तो एकाच सेलवर चाले. त्याबरोबर आलेल्या रेषा जुळविण्याच्या कोड्याला गनपे हे त्यांच्या नावावरून घेतलेले नाव देण्यात आले. २००३ साली आंतरराष्ट्रीय गेम डेव्हलपर्स असोसिएशनने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

सुपर मारिओ लँड २०११ साली निन्टेन्डो ३डीएसवर आणि २०२४ मध्ये निन्टेन्डो स्विचच्या सदस्यांसाठी पुन्हा उपलब्ध झाला. तातांगाचा पराभव करून बारावा टप्पा ओलांडला की मारिओ आणि डेझी यान घेऊन निघतात आणि पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते. तिच्या आरंभी निर्माता म्हणून योकोई यांचे नाव येते.