आर-१२ चा जनक : थॉमस मिजली

थर्मोच्या पेपरात लागतं म्हणून आपण आर-१२ चं टेबल उघडतो, एन्थाल्पी काढतो आणि पुस्तक मिटतो. हा आर-१२ शोधला कुणी, हे व्हायव्हातसुद्धा कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न पडला एका जुन्या गाडीमुळे. गाडीची गंमत पुढे सांगतोच, आधी माणूस बघू.

नाव थॉमस मिजली ज्युनिअर. जन्म १८ मे १८८९, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात बीव्हर फॉल्स गावी. हा गृहस्थ केमिकलवाला नव्हताच! १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडला तो मेकॅनिकलची डिग्री घेऊन. केमिस्ट्री तो नोकरीत, काम करता करता शिकला. (फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

१९१६ साली तो ओहायोतल्या डेटन इथं चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला. केटरिंग म्हणजे गाडीला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर देणारा माणूस. त्यानं मिजलीला काम दिलं इंजिनाच्या नॉकिंगचं. कॉम्प्रेशन रेशो वाढवला की एफिशियन्सी वाढते हे ऑटो सायकलचं सूत्र सांगतं, पण त्या वेळचं पेट्रोल रेशो जरा वाढवला की ठोके देऊ लागे. दोघांनी डोकं लढवलं: थंडीतही लवकर फुलणाऱ्या एका झुडपाची पानं लाल असतात, म्हणजे लाल रंग उष्णता जास्त शोषत असावा, मग इंधनच लाल केलं तर? लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीनं आयोडीन टाकलं आणि ठोके कमी झाले! मग खरेखुरे लाल रंग आणून पाहिले, तर काहीच फरक नाही. तर्क साफ चुकीचा, उत्तर मात्र उपयोगी. आपल्या लॅबमध्ये असं झालं तर जर्नलवर सही मिळायची नाही.

पुढे कित्येक संयुगं तपासत, आवर्तसारणीवर बोट फिरवत तो ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राइथाइल लेडपर्यंत पोचला. चिमूटभर घातलं तरी नॉकिंग बंद. पण शिसं विषारी आहे हे तेव्हाही जगाला ठाऊक होतं. १९२३ च्या सुरुवातीला तो स्वतः शिशाच्या बाधेमुळे काम सोडून फ्लोरिडाला विश्रांतीला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन तडफडून मेले. त्यानंतर काही दिवसांतच मिजलीनं पत्रकारांसमोर तेच द्रव हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. इथं मात्र मी त्याला माफ करू शकत नाही. स्वतः आजारी पडलेल्या माणसाला आपण काय दाखवतोय हे कळत होतं. ते शिसं आपल्याकडच्या पेट्रोलमधून जायला २००० साल उजाडावं लागलं.

आता आर-१२. त्या काळी घरच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असले वायू असत. गळती झाली की घरच्यांच्या जिवाशी गाठ. १९२८ साली केटरिंगनं पुन्हा मिजलीलाच हाक मारली: विषारी नको, पेट घेणारा नको, पण उकळबिंदू कमी हवा. मिजली पुन्हा आवर्तसारणी घेऊन बसला आणि सोबत्यांसह फ्लोरीनवर येऊन थांबला. कच्चा माल म्हणून अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच बाटल्या आणल्या होत्या. त्यातली एक उचलून वायू बनवला, काचेखाली ठेवलेल्या गिनीपिगला दिला, गिनीपिग ठणठणीत. दुसऱ्या बाटलीतून बनवला, गिनीपिग मेला! नंतर कळलं की पहिली बाटलीच तेवढी शुद्ध होती, बाकीच्यांतल्या भेसळीमुळे फॉस्जीन तयार होत होता. पहिल्यांदा दुसरी बाटली हातात आली असती तर कदाचित तिथंच गाशा गुंडाळला असता. १९३० साली अटलांटात रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यानं हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका श्वासात सिद्ध.

असा वायू मिळाल्यावर बंद गाडीत माणसांच्या शेजारी कूलिंग कॉइल बसवायची भीती उरली नाही. पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये एसी दिला, जादा किंमत २७४ डॉलर. कॉइल मागच्या सीटच्या मागे. कॉम्प्रेसरला क्लच नव्हताच, एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढायचा!

आणि आता ती जुनी गाडी. माझ्या मित्राच्या काकांनी त्यांच्या चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीला हौसेनं एसी लावून घेतला. सपाटीवर झकास. घाट लागला की काटा लालकडे आणि काका एसी बंद करून काच खाली. हिशोब सोपा आहे. सव्वा टनाचा एसी म्हणजे केबिनमधून साधारण साडेचार किलोवॅट उष्णता उपसायची, त्यात कॉम्प्रेसरचं काम दोनेक किलोवॅट धरा. ही साडेसहा किलोवॅट कंडेन्सर फेकतो कुठे? थेट रेडिएटरच्या तोंडावर! शिवाय कॉम्प्रेसरची ताकद इंजिनातूनच जाते, म्हणजे तिथंही उष्णता वाढली. आणि फॅन पट्ट्यावरचा, ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद तर फॅनही मंद. उपाय आहेत: जास्त ओळींचा रेडिएटर, फॅनभोवती श्राउड, कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक फॅन, तापमान चढलं की कॉम्प्रेसर तोडणारा स्विच. पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दारांचे रबर बदलणं आणि छताला, फायरवॉलला इन्सुलेशन लावणं. उष्णता आत आलीच नाही तर उपसायला नको. जुन्या आर-१२ च्या सिस्टीममध्ये नुसता आर-१३४ए भरूनही भागत नाही. जुनं मिनरल ऑइल त्यात मिसळत नाही आणि त्याच कंडेन्सरवर प्रेशर जास्त चढतं.

आर-१२ बदलावा का लागला, हे आपण एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात लिहितो. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी असे वायू ओझोन खातात हे मांडलं, १९८७ साली माँट्रियल करार झाला. या बाबतीत मी मिजलीला दोष देणार नाही. न पेटणारा, न सडणारा वायू त्यानं मागणीप्रमाणे बनवला होता, आणि तो तसाच टिकून थेट वरपर्यंत पोचतो हे १९३० साली कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शिशाची गोष्ट निराळी.

१९४० साली, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. पाय गेले. यानं काय करावं? पलंगातून उठता यावं म्हणून दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली, अस्सल मेकॅनिकलवाल्यासारखी. १९४४ साली तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्या दोऱ्यांमध्ये गळा अडकून तो गेला. वय पंचावन्न. पॅकार्डनं गाडीतला एसी त्याआधीच बंद केला होता. १९५३ साली अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी पुन्हा तो बसवायला घेतला, आत वायू तोच, आर-१२.