अपॉस्ट्रॉफी आणि लिंडले मरे

मुलींच्या वक्तृत्व स्पर्धेचा इंग्रजी फलक मी रंगवला होता. ‘गर्ल्स’मधला अपॉस्ट्रॉफी चुकून एसच्या आधी पडला आणि स्पर्धा एकाच मुलीची झाली! सर हसले, मी ओशाळले. नियम शोधायला बसले, तर लिंडले मरे भेटले.

मरे जन्माने अमेरिकन. १७४५ साली पेनसिल्व्हेनियात, क्वेकर घरात जन्मले. वडील न्यूयॉर्कचे व्यापारी, फार कडक. एकदा शिक्षा झाली म्हणून पोरगं घर सोडून पळालं, आणि गेलं कुठे? दुसऱ्या गावच्या निवासी शाळेत! पुढे वकील झाले, चांगला पैसा कमावला. पण स्नायूंतली ताकद जायला लागली. हवा मानवेल म्हणून १७८४ मध्ये पत्नी हॅनासह इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळच्या होलगेट गावी राहिले. दुखणं काही हटलं नाही. हळूहळू चालणं सुटलं, बोलण्याचाही त्रास व्हायचा.

यॉर्कमधल्या एका मुलींच्या शाळेत सोपं व्याकरण हवं होतं. तिथल्या शिक्षिकांनी गळ घातली आणि बसल्या जागी मरे यांनी पुस्तक लिहिलं. १७९५ मध्ये ‘इंग्लिश ग्रामर’ छापलं गेलं. त्यातले बरेच नियम लाउथसारख्या आधीच्या व्याकरणकारांचे. मरे यांनी ते निवडून, नीट लावून दिले. इंग्लंड-अमेरिकेत आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

माझा नियम त्यात होताच. एकवचनाला अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. अनेकवचन एसने संपत असेल, तर त्यापुढे नुसता अपॉस्ट्रॉफी. ‘मेन’, ‘चिल्ड्रन’ यांच्या शेवटी एस नाही, म्हणून त्यांना पुन्हा अपॉस्ट्रॉफी आणि एस.

आपण ‘मुलीचा’ आणि ‘मुलींचा’ म्हणतो तेव्हा अनुस्वार कानाला कळतो. इंग्रजीत एक मुलगी असो की दहा, उच्चार तोच. फरक फक्त कागदावर दिसतो. म्हणून तर ते चिन्ह जपून टाकायचं.

मरे १८२६ मध्ये होलगेटलाच गेले. शेवटची कितीतरी वर्षं त्यांना घराबाहेर पडता आलं नाही. पुस्तक मात्र समुद्रापार पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फलक दुरुस्त केला. मुलींच्या शाळेसाठी लिहिलेला नियम मुलींच्याच फलकावर उपयोगी पडला. चिन्ह एक अक्षर पुढे सरकलं आणि स्पर्धा आम्हा सगळ्यांची झाली.