वाघावरून खाली उतरलेले चांगदेव महाराज

घोडेगाव (ता. नेवासा) : यात्रेच्या हगाम्यात शेवटची कुस्ती सुटली की जिंकलेल्या पैलवानाला पोरं खांद्यावर घेऊन नाचतात. हरलेला गडी गर्दीतून वाट काढत आपले कपडे शोधत असतो, त्याच्याकडं कुणी बघतही नाही. चांगदेव महाराजांची कथा अशाच एका हरलेल्या माणसाची. पण सातशे वर्षं झाली तरी लोक त्यांना विसरले नाहीत, यातच सगळं आलं.

आपल्या घोडेगावावरून संभाजीनगर रोडनं पुढं गेलं की नेवासा फाटा लागतो. त्या नेवाशात प्रवरेकाठी शके 1212 म्हणजे इ.स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. माउलींचं वय तेव्हा जेमतेम पंधरा. अंगानं पोरसवदा, आई-बाप नाहीत, वाळीत टाकलेलं घर.

त्याच काळात तिकडं खानदेशात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचा मोठा दबदबा होता. आज ते गाव त्यांच्याच नावानं ओळखलं जातं, मुक्ताईनगर तालुक्यात येतं. चांगदेव हठयोगी. शरीर आणि श्वास असा ताब्यात ठेवलेला की काळ न्यायला आला की ते प्राण मस्तकात चढवून बसायचे आणि वेळ टळली की पुन्हा खाली आणायचे, असं सांगतात. असं करत चौदाशे वर्षं जगले म्हणे. एकाच नावाचे अनेक योगी एकामागून एक होऊन गेले असावेत, असं अभ्यासक म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पण वय काहीही असो, माणूस ताकदीचा होता आणि त्या ताकदीचा त्याला गर्वही होता.

ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली तेव्हा चांगदेवांनी पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यातच अडले. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठा म्हणून नमस्कार? ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवून दिला. तो बघून धाकट्या मुक्ताबाईनं टोला हाणला, की चौदाशे वर्षं जगून हा योगी कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिलं, तीच 65 ओव्यांची चांगदेव पासष्टी. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनं काही कमी होत नाही, तसं सगळ्यांच्या आत एकच तत्त्व आहे, मग लहान कोण आणि मोठा कोण, असा तिचा रोख.

चांगदेवांनी पत्र वाचलं, पण ते पचलं नाही. ते निघाले तेच वाघावर बसून, हातात चाबूक म्हणून जिवंत साप, मागं शिष्यांचा तांडा. चार पोरांना भेटायला एवढा लवाजमा! भावंडं तेव्हा एका भिंतीवर बसली होती. पाहुणा आला म्हटल्यावर सामोरं जायला हवं, म्हणून ती भिंतच चालू लागली. आळंदीत ती भिंत आजही दाखवतात. कीर्तनकार सांगतात, जिवंत जनावराला धाक दाखवता येतो, निर्जीव भिंतीला कसला धाक दाखवणार?

लोक भिंतीचं कौतुक करतात. आम्हाला मात्र त्यानंतरचं जास्त अवघड वाटतं. चांगदेव वाघावरून खाली उतरले, ते सगळ्या शिष्यांच्या देखत. आणि गुरू कुणाला केलं? ज्ञानेश्वरांना नाही, निवृत्तिनाथांनाही नाही, तर जिनं कोऱ्या कागदावरून टोला हाणला होता त्या मुक्ताबाईला. पोर वयानं किती, तर दहा-पंधरा वर्षांची. आज गावात एखाद्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला शाळकरी पोरीनं चूक दाखवली तर काय होईल, बघा विचार करून! वाघाला वठणीवर आणणारी ताकद अंगात होतीच. चारचौघांत मान खाली घालायची ताकद त्या दिवशी आली.

गुरूचा सहवास फार दिवस लाभला नाही. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, पुढच्याच वर्षी तापीकाठी मुक्ताबाईही गेली. चांगदेव मागं राहिले. त्यांच्या नावाचे अभंग वारकरी आजही गातात.

पुढं ते गोदावरीकाठी आपल्याच जिल्ह्यात, राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याला आले. परंपरेनं सांगितलेलं साल 1305. चौदा वेळा काळाला चकवलेल्या या योग्यानं या खेपेला प्राण मस्तकात चढवून दडी मारली नाही. आपणहून समाधी घेतली. 2017 च्या शेतकरी संपामुळं गाजलेलं पुणतांबा ते हेच. दौंड-मनमाड मार्गावर स्टेशन आहे. शिर्डीला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी केली तर समाधीचं दर्शन होतं.