पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या

बेळगावच्या तंत्रविद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (1861-1962) म्हैसूर संस्थानातले. स्थापत्य मात्र शिकले पुण्यात. वडील लहानपणीच वारले. शिकवण्या करून ते बी. ए. झाले, शिष्यवृत्तीवर पुण्यास आले आणि 1883 च्या परीक्षेत पहिले आले.

1903 मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. धरण न उंचावता साठा वाढला. पूर आला की दरवाजे आपोआप उघडत. अशा दरवाजाची आडवी तुळई दोन टोकांना टेकते, पाणी तिला मध्ये वाकवू पाहते. दर मीटरचा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले आठ, ही मधली बेंडिंग मोमेंट. मीटरला 10 किलोन्यूटन भार असता 4 मीटरला 20, पण 8 मीटरला 80 किलोन्यूटन-मीटर! आम्हा कॉमर्सवाल्यांना चक्रवाढ व्याजच आठवावे. दोन्ही टेकूंची बेरीज मात्र भाराएवढीच, जमाखर्च जुळतो.

पुढे असेच दरवाजे कृष्णराजसागरावरही बसले.