म्युनिसिपालिटीतील जोतीराव फुले

जोतीराव गोविंदराव फुले ह्यांचे नाव मुलींच्या शिक्षणासंबंधाने सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि त्या जागी बसून त्यांनी लोकांच्या पैशाची काळजी कशी वाहिली, हे थोड्यांसच माहीत असते. खेड्यांतील मंडळीस ही हकीगत उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ती येथे सांगत आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात एका माळी कुटुंबात झाला. ते अगदी तान्हे असतानाच त्यांची आई वारली. वडिलांनी त्यांस शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले होते. परंतु गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोन परिचितांनी वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि पत्नी सावित्रीबाई ह्यांस शिकवून शिक्षिका केले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला, आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. पोटापाण्यासाठी ते सरकारी बांधकामांचे ठेके घेत असत.

१८७६ साली त्यांची पुणे म्युनिसिपालिटीवर नेमणूक झाली. त्या काळी सभासद लोकांनी निवडून दिलेले नसत. सरकार त्यांस नेमीत असे. अशा सभासदाने सरकारची मर्जी राखावी, ही रीतच पडून गेली होती. त्यातून जोतीरावांचा धंदा सरकारी कामांवर अवलंबून. गप्प बसण्यास त्यांस कारणे पुष्कळ होती. परंतु ते गप्प बसले नाहीत.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावे, असा बेत म्युनिसिपालिटीत ठरू लागला. ह्याच लिटन साहेबांच्या अमदानीत दक्षिणेत १८७६ पासून मोठा दुष्काळ पडला होता, आणि १८७७ साली सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी छावणी चालविली होती. हा पैसा करदात्यांचा आहे, तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. मते घेतली तेव्हा विरोधी मत एकट्या जोतीरावांचेच पडले. खर्च मंजूर झाला.

१८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी म्युनिसिपालिटीस लेखी कळविले. लोकांच्या आरोग्यासाठी एका हाताने पैसा खर्चावयाचा, आणि त्यांचे आरोग्य व संसार बुडविणाऱ्या दुकानांकडे डोळेझाक करावयाची, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. मोठी मंडई बांधण्याचा प्रश्न निघाला, तेव्हाही त्यांनी हा पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा, असा आग्रह धरला. मंडई निरुपयोगी होती, असे नव्हे. आधी काय व नंतर काय, हा वाद होता. ती १८८६ साली रे मार्केट ह्या नावाने उघडली. पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले, आणि आजही तेथे भाजीपाला विकला जातो.

१८८२ साली हंटर कमिशनपुढेही त्यांनी हाच मुद्दा मांडला: सरकारचा महसूल मुख्यत्वे कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. १८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

वाचकहो, सभेत जोतीराव हरले, हे आपण ध्यानात ठेवावे. त्यांनी सभा सोडली नाही, की आरडाओरडही केली नाही. पैसा कोणाचा आणि तो कोणाच्या कामी लागतो, एवढाच प्रश्न ते पुनःपुन्हा विचारीत राहिले. आज आपल्या गावी ग्रामसभा भरते, आणि तीत बसण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे. हिशेब वाचला जाईपर्यंत तेथे बसावे. न समजलेली रक्कम नम्रपणे विचारावी. आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे. आपले मत एकटे पडले, तरी ते दिल्यावाचून घरी येऊ नये.